दहा हजार मिलिमीटरचं जॅकेट आणि तोलार खिंडीतला घाम

भोसरी एमआयडीसीत व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कंपनीत मी सव्वीस वर्षं टेस्टिंगला आहे. व्हॉल्व्ह जुळून आला की दोन्ही तोंडं बंद करायची, आत पाणी भरायचं, पंपाने प्रेशर चढवायचं आणि बॅटरी मारून बघत बसायचं, कुठे घाम फुटतोय का. कास्टिंगमधून पाणी झिरपलं तर आमच्याकडे तसंच म्हणतात, 'बॉडीला घाम आलाय'. त्यामुळे दुकानात जॅकेटच्या टॅगवर 'वॉटरप्रूफ, १०,००० मिमी' असं वाचलं तेव्हा मला ते जॅकेट कमी आणि ओळखीतला माणूस जास्त वाटलं.

एमआरपी ७,९९९. सेलमध्ये ४,९९९. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण त्याच रॅकवर टांगलेल्या इतर चार कंपन्यांच्या टॅगवरही हेच आकडे होते आणि मला जे सांगायचंय ते त्या आकड्यांबद्दल आहे. त्याआधीची बारा वर्षं मी रस्त्याकडेला मिळणाऱ्या प्लास्टिकच्या पोंचोवर काढली. मागच्या खेपेला तो साडेतीनशेला पडला होता. दर दोन पावसाळ्यांनी एक फाटायचा. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही झाकलेल्या ट्रकसारखे दिसता." म्हणून हा खर्च.

दहा हजार मिमी म्हणजे काय, असं मी दुकानातल्या पोराला मुद्दाम विचारलं. पोरगा चुणचुणीत होता. म्हणाला, "काका, महाबळेश्वरला अख्ख्या वर्षात सहा हजार मिलिमीटरसुद्धा पडत नाही. हे दहा हजार घेतं!" महाबळेश्वरचा आकडा त्याने साधारण बरोबर सांगितला. बाकी सगळं चूक. पावसाचे मिलिमीटर वेगळे आणि हे वेगळे. कापडाचा तुकडा पकडीत आवळतात, एका बाजूने पाण्याचं प्रेशर हळूहळू वाढवतात आणि दुसऱ्या बाजूला तिसरा थेंब दिसला की आकडा लिहून घेतात. आयएसओ ८११ ही ती टेस्ट. दहा हजार मिमी म्हणजे कापडावर दहा मीटर उंचीचा पाण्याचा खांब उभा राहिला तरी पाणी पलीकडे येत नाही. दहा मीटर पाणी म्हणजे आमच्या भाषेत एक किलो प्रेशर, दर चौरस सेंटिमीटरला एक किलो. दीडशे क्लासच्या (क्लास म्हणजे प्रेशरची श्रेणी) व्हॉल्व्हची बॉडी आम्ही तीस किलोला बघतो, पण तिथे भिंत लोखंडाची असते. कपड्याच्या मानाने एक किलो म्हणजे भरपूर. पोराला हे सगळं समजावणार होतो, पण सौ.ने हाताला धरून बिलाच्या रांगेत नेलं.

जुलैच्या दुसऱ्या रविवारी हरिश्चंद्रगड ठरला. आम्ही सहा जण. सगळ्यात लहान छत्तीसचा, सगळ्यात मोठा मी, एक्कावन्नचा. गाडीवाल्याने खुबी फाट्यालाच उतरवलं, पुढे रस्ता खराब आहे म्हणाला. तिथून खिरेश्वरपर्यंत पिंपळगाव जोगा धरणाची भिंत. ज्यांनी ती पावसात चालली आहे त्यांना माहीत आहे. वारा धरणाच्या पाण्यावरून येतो आणि पाऊस वरून नाही, बाजूने येतो, कुणी पाइप धरून उभं असल्यासारखा. त्या तासाभरात जॅकेट मला जाम आवडलं. थेंब बाहीवर पडून अळूच्या पानावरून घरंगळावेत तसे घरंगळत होते. टोपीची दोरी आवळली की फक्त नाक बाहेर. बँकेत असलेल्या आमच्या एका मित्राच्या जुन्या विंडचीटरची पाठ तिथेच काळी पडली होती. मी त्याला किंमत सांगितली. सेलची नाही, एमआरपी.

खिरेश्वर सोडलं, भातखाचरं संपली, तोलार खिंडीची चढण सुरू झाली. पाऊण तासात माझी दंडं आतून चिकटायला लागली. खिंडीत वाघाच्या शिल्पापाशी थांबलो तेव्हा कोपरात पाणी साचलेलं जाणवलं. हात खाली केला तर मनगटातून धार. मनात म्हटलं, लीक. वरचा रेलिंगचा कातळटप्पा आणि त्यानंतरच्या टेकड्यांच्या चढउतारात मी फक्त लीक कुठे असेल याचाच विचार करत होतो. धुक्यात दुसरं दिसण्यासारखं काही नव्हतंही.

गडावर मंदिराच्या अलीकडच्या झापात, म्हणजे झोपडीत, शिरलो, जॅकेट काढलं, टीशर्ट पिळला. अर्धा तांब्या तरी निघाला असेल. झापाचा मालक पिठलं ढवळत होता. तो नुकताच पाचनईकडून सामान घेऊन वर आला होता. अंगावर खताच्या पोत्याची खोळ, म्हणजे पोत्याचा एक कोपरा दुसऱ्यात दुमडून डोक्यावर घेतलेला, पुढून सगळं उघडं. त्याने खोळ खुंटीला टांगली. आतला सदरा खांद्याला कोरडा, पुढून थोडा भिजलेला. माझ्या टीशर्टकडे बघून म्हणाला, "सायेब, ह्ये आतून भिजलं का भायेरून?"

सव्वीस वर्षं टेस्टिंगला असून हा प्रश्न मला पडायला हवा होता.

घरी आल्यावर त्याच्या प्रश्नाचे दोन तुकडे केले. पहिला, बाहेरून भिजतं का? सोसायटीच्या गच्चीवर पाण्याची टाकी भरून वाहते तिथे एक पाइप आहे. कोरडा बनियन घातला, वर जॅकेट, आणि त्या धारेखाली प्लास्टिकच्या स्टुलावर वीस मिनिटं गप्प बसलो. खालच्या मजल्यावरच्या काकू कपडे काढायला आल्या, मला बघून कपडे तसेच ठेवून गेल्या. वीस मिनिटांनी बनियन मानेपाशी चार बोटं ओला, बाकी कोरडा. दुसरा तुकडा, आतून भिजतं का? पाऊस थांबलेला असताना तेच जॅकेट घालून, पाठीवर नेहमीची सात-आठ किलोची सॅक घेऊन, आमच्या अकरा मजली इमारतीचा जिना पाच वेळा चढलो. उतरताना लिफ्ट, गुडघ्यांवर प्रयोग करायचे नव्हते. कोरडा बनियन स्वयंपाकघरातल्या काट्यावर १३५ ग्रॅम होता. जिन्यानंतर ३२० ग्रॅम. बाहेर पावसाचा एक थेंब नव्हता.

म्हणजे तोलार खिंडीत माझ्या कोपरात साचलेलं पाणी माझंच होतं.

आता टॅगवरचा दुसरा आकडा, ज्याच्याकडे दुकानात कुणीच बघत नाही. 'ब्रीदेबल, ५,००० ग्रॅम'. एक चौरस मीटर कापडातून चोवीस तासांत पाच किलो वाफ बाहेर जाते, असा त्याचा अर्थ. ऐकायला प्रचंड वाटतं. जॅकेटचं कापड दीड चौरस मीटर धरा. दिवसाला साडेसात किलो, म्हणजे तासाला तीनशे ग्रॅमच्या आसपास. आणि सॅक घेऊन चढणीला लागलेला माझ्यासारखा माणूस तासाला अर्धा-पाऊण लिटर घाम सहज गाळतो. म्हणजे कागदावरच हिशोब तुटीचा आहे. त्यात पाठ आणि खांदे सॅकखाली झाकलेले, तिथून वाफ जाणार कुठून? आणि हा तीनशेचा आकडा लॅबमधला. ही टेस्ट करायच्या पद्धतीही वेगवेगळ्या आहेत, त्याच कापडाला एका पद्धतीने एक आकडा येतो आणि दुसरीने भलताच. टॅगवर पद्धतीचं नाव लिहिलेलं नसेल तर एका कंपनीचे पाच हजार आणि दुसरीचे दहा हजार यांची तुलना करण्यात अर्थ नाही. आम्ही टेस्ट सर्टिफिकेटवर स्टँडर्डचं नाव न लिहिता माल पाठवला असता तर गिऱ्हाइकाने गेटवरून परत केला असता.

खरी गोम त्याहून पुढे आहे. वाफ कापडातून आपण होऊन जात नाही, तिला ढकलावं लागतं. आत वाफेचं प्रेशर जास्त आणि बाहेर कमी, तरच ती जाते. माझ्याकडे ऑफिसात स्टीम टेबल, म्हणजे वाफेच्या प्रेशरचा तक्ता असतो, त्यात बघितलं. अंगाजवळ ३४ अंशाला, घामाने भरलेल्या हवेत, वाफेचं प्रेशर ०.०५३ बार (एक बार म्हणजे साधारण आमचा एक किलोच). बाहेर थंडीतला हिमालय असेल, पाच अंश, तर हवा पूर्ण दमट धरली तरी ते ०.००९ च्या आत. फरक मोठा, वाफ पळते. आणि बाहेर जुलैतला सह्याद्री असेल, बावीस अंश आणि हवा पाण्याने तुडुंब, तर ०.०२६. फरक ०.०४४ वरून थेट ०.०२७ वर. म्हणजे हे जॅकेट ज्या हवेसाठी बनलंय ती आमच्याकडे डिसेंबरातही येत नाही, आणि डिसेंबरात आमच्याकडे पाऊस नसतो.

याला कंपनीने फसवलं म्हणायचं का? मी खूप विचार केला आणि शेवटी एका शनिवारी शिफ्ट संपल्यावर जॅकेट कामावर घेऊन गेलो.

आमच्याकडे दोन इंची फ्लँजचं एक जुनं फिक्स्चर आहे. खाली पाणी, मध्ये ओ-रिंग, वर रिंग आवळायला चार बोल्ट. न कापता जॅकेट त्यात बसलं. हँडपंप जोडला, अडीच किलोचं गेज लावलं. दोन पोरं ओव्हरटाइम सोडून बघायला उभी राहिली. पहिला नंबर पाठीच्या सपाट कापडाचा. अर्ध्या किलोला कापड पुरीसारखं टम्म फुगलं. पाऊण किलो, कोरडं. एक किलोला एक पोरगा म्हणाला, "आलं!", पण तो त्याच्याच कपाळावरून पडलेला थेंब होता. १.०५ ला खरा थेंब आला. मग दुसरा, मग तिसरा. टॅगवरचा दावा शंभर टक्के खरा. चार ट्रेक झालेल्या जॅकेटवर खरा, म्हणजे नवं असताना त्याहून चांगलाच असणार. मी मनातल्या मनात कंपनीला हात जोडले.

मग खांदा लावला, जिथे सॅकचा पट्टा घासतो. तो ०.३५ ला गेला. बोटाने चाचपलं तर आतला चकचकीत थर तिथे खरबरीत झालेला. मग काखेतली शिवण, जिच्यावर आतून टेप चिकटवलेली असते. ०.२ ला टेपच्या कडेने पाणी बारीक रेघेसारखं धावलं. शेवटी पुढची चेन. फिक्स्चरमध्ये पाणी भरतानाच ती वाहायला लागली, पंपाला हातही लावला नव्हता. तेवढ्यात आमचे साहेब राउंडला आले. जॅकेट, गेज, आम्ही तिघं, सगळं एकदा बघून म्हणाले, "काय, टीसी देणार का याला?"

टीसी म्हणजे टेस्ट सर्टिफिकेट. द्यायचाच झाला तर असा देईन: बॉडी पास, ग्लँड (व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतीचा जोड) फेल. आमच्या धंद्यातलं प्रत्येक पोरगं पहिल्या महिन्यात हेच शिकतं. कास्टिंग क्वचित गळतं, गळतो तो जोड. आणि टॅगवरची टेस्ट ही कापडाची टेस्ट आहे, शिवून झालेल्या जॅकेटची नव्हे. कुठेही खोटं लिहिलेलं नाही. 'कापड' हा शब्द फक्त फार बारीक टायपात आहे.

न्यायाने हेही सांगायला हवं की ०.२ किलो म्हणजे दोन हजार मिमी, आणि साधारण पावसात तेवढं पुरतं. सॅकचा पट्टासुद्धा फार दाबत नाही. दहा किलोची सॅक, दोन पट्टे, खांद्यावर टेकणारी जागा मिळून पावणेदोनशे-एकशेऐंशी चौरस सेंटिमीटर, म्हणजे साधारण साडेपाचशे मिमी. पट्टा दाबून नाही, घासून मारतो. म्हणून सह्याद्रीसाठी वीस हजार मिमीचं जॅकेट अकरा हजाराला घेण्यात मला तरी शहाणपण दिसत नाही. ज्या बाजूने मी भिजलोच नव्हतो त्या बाजूची भिंत आणखी जाड करून काय मिळणार?

घ्यायचंच असेल तर मी आता दुकानात टॅग वाचत नाही. काखेखाली चेन आहे का बघतो, आमच्याकडे खरा व्हेंट तोच. पुढच्या चेनवर झडप आहे का बघतो. जॅकेट उलटं करून शिवणींची टेप सगळीकडे गेली आहे की फक्त खांद्यावर, ते बघतो. माझ्या जॅकेटला काखेत चेन नाही. पाच हजाराच्या जॅकेटात दोन चेनचे पैसे वाचवलेत.

आणखी एक गोष्ट, जिने मला दुसऱ्या-तिसऱ्या ट्रेकला गोंधळात टाकलं होतं. ते अळूच्या पानासारखे घरंगळणारे थेंब चौथ्या ट्रेकपर्यंत राहिले नाहीत. बाहेरचं कापड पाणी प्यायला लागलं, ४१० ग्रॅमचं जॅकेट ओलं झाल्यावर ६३० भरलं. आत पाणी येत नाही, पण बाहेर पाण्याचा पापुद्रा बसला की थोडीफार जाणारी वाफही अडते, आणि अंगाला गार लागतं ते वेगळंच. हे बाहेरचं लेपन घासून, चिखलाने आणि मुख्य म्हणजे कपडे धुण्याच्या पावडरीने जातं. सौ.ने प्रेमाने फॅब्रिक कंडिशनरमध्ये बुडवून काढलं होतं, तो त्याचा शेवट. नुसत्या पाण्यात दोन-तीनदा खळबळून, वाळवून, वर सुती कापड टाकून मंद इस्त्री फिरवली तर बरंचसं परत येतं. माझं साठ-सत्तर टक्के आलं. काळजीची ही माहिती जॅकेटच्या आत, काखेपाशी, एका चिटुकल्या पट्टीवर चित्रांत दिलेली असते. जाहिरातीत नसते.

या सगळ्यामुळे मी घरातल्या बाकीच्या सामानाकडेही त्याच नजरेने बघायला लागलो. डोक्याला बांधायची बॅटरी, '४०० लुमेन, ४० तास'. दोन्ही आकडे खरे असू शकतात, फक्त एकाच वेळी नाहीत. बॅटऱ्यांसाठी एफएल-१ नावाचं स्टँडर्ड आहे. त्यात उजेड मोजायचा तो लावल्यावर अर्ध्या ते दोन मिनिटांत, आणि तास मोजायचे ते उजेड दहा टक्क्यांवर येईपर्यंत. म्हणजे चाळिसाव्या तासाला बॅटरी 'चालू' असते, पण तिच्या उजेडात पायरी नाही, फक्त बॅटरी दिसते. शिवाय हे चाळीस तास बहुतेक वेळा सगळ्यात मंद बटणाचे असतात. स्लीपिंग बॅगवर मोठ्या अक्षरात असलेलं तापमान कुठलं, 'कम्फर्ट' की 'एक्स्ट्रीम', एवढं बघा म्हणजे झालं. एक्स्ट्रीमचा अर्थ त्या थंडीत झोप लागते असा नाही, रात्र कशीबशी निघते आणि धोका असतो असा आहे. बुटांबद्दल मी काही बोलत नाही. वॉटरप्रूफ बुटात ओढ्याचं पाणी वरून शिरलं की ते बाहेर पडू देत नाहीत, वॉटरप्रूफच असतात ते. आमच्या ग्रुपमधले निम्मे अजून अ‍ॅक्शनचे ट्रेकिंग शूज घालतात आणि ओल्या कातळावर माझ्यापुढे असतात.

ऑगस्टमध्ये पुन्हा खिरेश्वरला गेलो, या वेळी सकाळी लवकर. आवणी उरकत आली होती. एका खाचरात सात-आठ बाया वाकून रोपं लावत होत्या. बहुतेकींच्या पाठीवर निळं-पिवळं प्लास्टिक, एका म्हातारीच्या पाठीवर मात्र इरलं. बांबूच्या कामट्यांची जाळी, आत पानं दाबून बसवलेली, पालथ्या होडीसारखं. मी बांधावर थांबलो. वाकलेल्या माणसाची पाठ आणि डोकं झाकायचं, पुढून वारा मोकळा. पाऊस अडतो आणि घाम अडत नाही. तिला म्हटलं, "आजी, आतून घाम येत नाय का?" ती न थांबता म्हणाली, "वारं लागतंय की." तिचं इरलं घालून रेलिंगचा कातळ चढता येणार नाही, हे मलाही कळतं. पण त्या दिवशी मी चढणीला जॅकेट सॅकमध्येच ठेवलं. पातळ टीशर्टवर जुना पोंचो टाकला, बाजूची बटणं उघडी ठेवली. भिजलो, पण पावसाच्या पाण्याने भिजलो, आणि ते पाणी वाहून गेलं, साचलं नाही. गडावर कोरडा बनियन चढवला, वर जॅकेट घातलं, केदारेश्वराच्या गुहेकडे जाताना वारा सुटला होता तिथे ते पुन्हा पहिल्या दिवसासारखं वाटलं. झापवाल्याने विचारलं, "आज कोरडं?" मी म्हटलं, आज बदललं.

चार हजार नऊशे नव्व्याण्णव रुपयांना मी हे पुन्हा घेईन का? चढणीसाठी नाही. दोन हजारांत मिळालं आणि काखेत चेन असली तर घेईन. परत करण्याची मुदत तीस दिवसांची होती, ती मी फिक्स्चर शोधण्यात घालवली.

सध्या ते रोज स्कूटरवर वापरतो. घाम नाही, चढण नाही, समोरून पाऊस आणि पन्नासचा वेग, त्यात याच्यासारखं काही नाही. नाशिक फाट्याच्या सिग्नलला थांबलं की मांडीवरच्या घडीत तळं साचतं आणि बरोबर चेनच्या टोकातून, ०.० किलोला, आत उतरतं. त्यासाठी सौ.ने जुन्या पोंचोचा एक तुकडा कापून दिला आहे, तो मांडीवर टाकतो.